तीन विरुद्ध तीन नमुने आणि दोन वेगळी उत्तरं: आरएनए-सेकच्या कुठल्या यादीवर विसंबायचं?

प्रश्न थोडक्यात असा (आरएनए-सेक म्हणजे नमुन्यातल्या आरएनएचे तुकडे वाचून कुठल्या जनुकाचे किती ते मोजणं; वाचलेला एक तुकडा म्हणजे एक रीड): उंदरांच्या यकृताचे सहा नमुने, तीन औषध दिलेले, तीन कंट्रोल. एफपीकेएमचा (जनुकाच्या लांबीने आणि एकूण रीडनी भागलेल्या मोजणीचा) तक्ता स्प्रेडशीटमध्ये घेऊन प्रत्येक जनुकाला टी-चाचणी लावली, तेव्हा १४,००० पैकी १,९५० जनुकांचं पी-मूल्य ०.०५ च्या आत आलं, पण बेंजामिनी–हॉकबर्ग दुरुस्तीनंतर (हजारो चाचण्या एकदम केल्याने येणारे खोटे निकाल आवरणारी) एकही उरलं नाही. तोच डेटा, गटागटांत कुठली जनुकं बदलली ते शोधणाऱ्या डीईसेक२ या प्रोग्राममधून काढला तर १,८४० जनुकं मिळाली. मग खरं काय आणि मार्गदर्शकांना कुठली यादी द्यायची? शेवटी जाता जाता असंही लिहिलंय की आरएनए दोन दिवसांत काढलं: पहिल्या दिवशी दोन कंट्रोल आणि एक औषधवाला, दुसऱ्या दिवशी एक कंट्रोल आणि दोन औषधवाले, आणि पीसीएमध्ये (कुठले नमुने एकमेकांशी जुळतात ते दाखवणाऱ्या चित्रात) नमुने दिवसांप्रमाणे वेगळे पडतात.

हे जाता जाता लिहिलेलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टी-चाचणी की डीईसेक२, याचं उत्तर सोपं आहे: डीईसेक२ (किंवा त्याच कामाचं एजआर, किंवा लिमा-वूम, तिघांपैकी कुठलंही). पण डीईसेक२ ला तुम्ही दिवस सांगितलाच नसेल, तर त्या १,८४० मध्ये औषधाची जनुकं किती आणि दिवसाची किती, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या जिथल्या तिथे सांगतो. एक आधीच विचारतो: हे तीन नमुने तीन वेगळ्या उंदरांचे आहेत ना? एकाच यकृताचे तीन तुकडे असतील तर तुमच्याकडे प्रत्येक गटात एकच उंदीर आहे आणि पुढचं काहीही लागू होत नाही.

आधी टी-चाचणीचं शून्य. १४,००० चाचण्या केल्या की औषधाचा काडीचाही परिणाम नसताना साधारण ७०० पी-मूल्यं ०.०५ च्या खाली येणारच. तुमची १,९५० आली, म्हणजे डेटात काहीतरी नक्की आहे. तरी दुरुस्तीनंतर हाती काही लागत नाही, कारण टी-चाचणी प्रत्येक जनुकाचं प्रसरण फक्त त्याच्या स्वतःच्या सहा आकड्यांवरून ठरवते, म्हणजे चार डिग्रीज ऑफ फ्रीडमवर (सहा आकडे वजा दोन गटांच्या सरासऱ्या). यादीत शंभर जनुकं यायची असतील तर शंभराव्याचं पी-मूल्य १०० × ०.०५ ÷ १४,०००, म्हणजे सुमारे ०.०००३६ हवं. चार डिग्रीजवर तिथे पोचायला टी ११ च्या वर लागतो. एकट्या पहिल्या जनुकाला पार व्हायचं असेल तर सुमारे ३६. फरक त्याच्या प्रमाणचुकीच्या ३६ पट! असं जनुक सापडलं तरी बहुतेकदा त्याचे तीन आकडे योगायोगाने एकमेकांना चिकटलेले असतात, एवढंच. कुणी ‘मग विल्कॉक्सन (आकड्यांचा फक्त क्रम बघणारी चाचणी) लावा’ असं सुचवेल. तीन विरुद्ध तीनमध्ये विल्कॉक्सनचं सगळ्यात लहान दुबाजू पी-मूल्यच ०.१ असतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.

एफपीकेएमची अडचण वेगळी आहे. तो आकडा लांबीने आणि एकूण रीडनी भागून झालेला असतो, आणि त्या भागाकारात मूळ मोजणी किती भक्कम होती ही माहिती हरवते. ५०० बेसच्या जनुकावर २० रीड आणि १०,००० बेसच्या जनुकावर ४०० रीड, दोन्हींचा एफपीकेएम सारखाच. पण २० च्या मोजणीत निव्वळ मोजण्यातली चूक २२ टक्के असते, ४०० च्या मोजणीत ५ टक्के. टी-चाचणीला हा फरक दिसत नाही. म्हणून डीईसेक२ सारख्या साधनांना कच्चे काउंट (न भागलेली रीडची मोजणी) द्यायचे असतात. एफपीकेएम पूर्णांकात बदलून डीईसेक२ ला दिलेले असतील तर ते १,८४० आत्ताच विसरा आणि काउंटपासून पुन्हा सुरुवात करा.

दुसरं, यकृतात वाटणीचा घोळ फार असतो. अल्ब्युमिन, अपोलिपोप्रोटीनं, नरांमध्ये एमयूपी अशी मोजकी जनुकं लायब्ररीचा, म्हणजे नमुन्यातून वाचायला तयार केलेल्या तुकड्यांचा, मोठा हिस्सा खातात. समजा कंट्रोलमध्ये त्यांचा वाटा ३० टक्के होता आणि औषधाने तो ५० झाला. मग उरलेल्या सगळ्या जनुकांना ७० ऐवजी ५० टक्क्यांत भागवावं लागतं. म्हणजे मुळीच न बदललेली हजारो जनुकं २९ टक्क्यांनी खाली गेल्यासारखी दिसतात. डीईसेक२ एकूण रीडनी भागत नाही. ते प्रत्येक जनुकाचा सहा नमुन्यांतला भूमितीय मध्य काढतं, प्रत्येक नमुन्याचं त्याच्याशी गुणोत्तर घेतं आणि त्या गुणोत्तरांचा मध्यक हा नमुन्याचा साइझ फॅक्टर (ज्याने त्याचे काउंट भागायचे तो आकडा) धरतं. एजआरची टीएमएम ही पद्धत वेगळ्या वाटेने तिथेच पोचते. दोघांचंही गृहीतक एकच: बहुतेक जनुकं बदललेली नाहीत. तुमचं औषध सगळं ट्रान्सक्रिप्शनच दाबणारं असेल तर हे गृहीतक कोसळतं. त्यासाठी सुरुवातीलाच ईआरसीसी या तयार संचासारखे बाहेरचे ९२ आरएनए मोजून घालायला हवे होते. आता ते साधणार नाही.

आता डीईसेक२ ला तीन नमुन्यांत एवढं कसं दिसतं ते पाहू. एकच लायब्ररी पुन्हापुन्हा वाचली तर काउंटचं प्रसरण सरासरीइतकंच येतं, ते पॉइसन. पण दोन उंदीर सारखे नसतात, म्हणून वर आणखी एक पद चढतं: प्रसरण = सरासरी + डिस्पर्शन × सरासरीचा वर्ग. हेच निगेटिव्ह बायनोमियल. डिस्पर्शन ०.०४ धरा, म्हणजे उंदराउंदरातला फरक त्याचं वर्गमूळ, २० टक्के. सरासरी १० असेल तर प्रसरण १० + ४ = १४; इथे मोजणीचीच चूक भारी. सरासरी १०० असेल तर १०० + ४०० = ५००; आता उंदीर भारी. सरासरी १०,००० असेल तर पहिलं पद १०,०००, दुसरं ४० लाख. इथे मोजणीची चूक हिशेबातही येत नाही. ही तीन उदाहरणं लक्षात असू द्या, शेवटी पैशांचा प्रश्न आला की लागतील.

एका जनुकाचं डिस्पर्शन सहा आकड्यांवरून धड काढता येत नाही, ही टी-चाचणीचीच अडचण इथेही आहे. फरक इतकाच की डीईसेक२ आधी हजारो जनुकांवरून ‘एवढ्या सरासरीच्या जनुकाचं डिस्पर्शन साधारण एवढं असतं’ असा कल काढतं आणि मग प्रत्येक जनुकाचा स्वतःचा अंदाज त्या कलाकडे ओढतं. ही शेजाऱ्यांकडून केलेली उसनवारी म्हणा. तीन आकडे चिकटले म्हणून ज्याचं प्रसरण खोटंच लहान आलं होतं त्याला वर उचललं जातं. जे जनुक कलापेक्षा खूपच वर आहे त्याला मात्र ओढत नाहीत. ते खरंच अस्थिर आहे असं मानतात. ताकद येते ती या उसनवारीतून. म्हणून शून्य आणि १,८४० हा विरोधाभास नाही: एका पद्धतीने १४,००० जनुकांची माहिती वापरली, दुसरीने वापरली नाही. तुमचा डिस्पर्शनचा आलेख काढून बघा. एजआरच्या मार्गदर्शिकेत ढोबळ आकडे दिले आहेत: माणसांच्या नमुन्यांत जैविक फरकाचा गुणांक (डिस्पर्शनचं वर्गमूळ) ०.४ च्या आसपास, जनुकीयदृष्ट्या एकसारख्या प्राण्यांत ०.१, तांत्रिक पुनरावृत्तीत ०.०१. इनब्रेड उंदरांत तुम्हाला ०.४ दिसला तर तो उंदरांचा नाही, प्रयोगाचा दोष आहे. ०.०१ दिसला तर मी वर विचारलेला तुकड्यांचा प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा.

आणि आता दिवस. पहिल्या दिवशी एक औषधवाला, दुसऱ्या दिवशी दोन, कंट्रोल उलट. समजा एखाद्या जनुकाचे काउंट दुसऱ्या दिवशी (लॉग मापात) ‘ब’ इतके वाढतात. औषध गटातले दोन-तृतीयांश नमुने दुसऱ्या दिवसाचे, कंट्रोलमधले एक-तृतीयांश. म्हणजे दिवस सांगितला नाही तर ‘ब’ चा एक-तृतीयांश हिस्सा थेट औषधाच्या खात्यात जमा होतो. पीसीएमध्ये दिवस ठळक दिसतोय, म्हणजे ‘ब’ बऱ्याच जनुकांत मोठा आहे.

सुदैवाने तुमची मांडणी वाचवण्याजोगी आहे. डिझाइनमध्ये, म्हणजे काउंट कशाकशाने बदलतात ते प्रोग्रामला सांगणाऱ्या सूत्रात, ‘~ दिवस + औषध’ लिहा. त्याची किंमत किती? दिवस न धरता फरकाचं प्रसरण एका नमुन्याच्या प्रसरणाच्या ०.६७ पट होतं (१/३ + १/३). दिवस धरल्यावर प्रत्येक दिवसातला फरक १/२ + १ = १.५ पट, आणि दोन दिवसांची सरासरी घेतली की ०.७५ पट. प्रमाणचूक जेमतेम ६ टक्क्यांनी वाढली, आणि उरलेल्या डिग्रीज चाराच्या तीन झाल्या. गळती थांबवण्यासाठी हे स्वस्तच आहे. तिन्ही कंट्रोल पहिल्या दिवशी आणि तिन्ही औषधवाले दुसऱ्या दिवशी असते तर प्रोग्रामने मॉडेल मॅट्रिक्स ‘फुल रँक’ नाही म्हणून हात वर केले असते, आणि त्यावर कुठलीही दुरुस्ती चालली नसती. दिवसासारखे परिणाम पुसणारं कॉम्बॅटही नाही. दिवस आणि औषध एकच गोष्ट झाल्यावर कुठलं गणित त्यांना वेगळं करणार? हे भल्याभल्यांना नडलं आहे. माणूस आणि उंदीर यांच्या ऊतींची तुलना करणाऱ्या माउस एनकोड प्रकल्पाच्या डेटात नमुने ऊतीप्रमाणे नव्हे तर प्रजातीप्रमाणे गोळा होतात असं आधी मांडलं गेलं होतं. २०१५ मध्ये योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान यांनी दाखवलं की दोन प्रजातींचे नमुने बहुतांशी सिक्वेन्सिंगच्या वेगवेगळ्या खेपांत वाचले गेले होते. तो परिणाम धरला की ऊतीप्रमाणे गट पडत होते.

दिवस काढून टाकलेले काउंट आधी तयार करायचे आणि ते डीईसेक२ ला द्यायचे, असं करू नका. दुरुस्तीत खर्च झालेली डिग्री पुढच्या पायरीला कळत नाही आणि पी-मूल्यं उगाच लहान होतात. दुरुस्त केलेला डेटा फक्त चित्रांसाठी, म्हणजे पीसीए आणि हीटमॅपसाठी.

लिहिताना दोन बारीक खड्डे आहेत. गटांची नावं इंग्रजीत ‘ट्रीटेड’ आणि ‘अनट्रीटेड’ अशी असतील तर वर्णक्रमाने ‘ट्रीटेड’ हाच संदर्भगट ठरतो आणि सगळी वाढ घट म्हणून दिसते. संदर्भगट स्वतः ठरवा. आणि दिवस १, २ असा आकड्यांत ठेवला तर तो सलग राशी मानला जातो. दोनच दिवस असताना काही बिघडत नाही, उद्या तिसरा दिवस आला की मॉडेल गुपचूप चुकतं. फॅक्टर करून टाका.

दिवस टाकल्यावर १,८४० चे किती होतील? कमी होऊ शकतात, कारण दिवसाची जनुकं बाहेर जातील. वाढूही शकतात, कारण डिस्पर्शनमधला गोंगाट कमी होईल. दोन्ही ठीक. मी आकड्याकडे बघण्याआधी पी-मूल्यांचा हिस्टोग्राम बघतो. शून्याजवळ उंच खांब आणि पुढे सपाट पठार असेल तर मॉडेल जागेवर आहे. मध्ये टेकडी किंवा १ कडे चढण असेल तर मॉडेलला न सांगितलेलं काहीतरी अजून डेटात आहे. (अगदी १ जवळ काही सुटे खांब दिसले तर ते अत्यल्प काउंटची जनुकं असतात. निदान तीन नमुन्यांत १० किंवा जास्त काउंट असलेली जनुकंच ठेवा, खांब जातील.)

यकृतात हे ‘न सांगितलेलं काहीतरी’ बहुतेक वेळा घड्याळ नाहीतर जेवण असतं. पर१, पर२, डीबीपी, बीमॅल१ ही जनुकं उंदराच्या यकृतात वेळेप्रमाणे प्रचंड वरखाली होतात. यादीच्या माथ्यावर हीच दिसली तर कंट्रोल सकाळी आणि औषधवाले दुपारी कापले होते का ते वहीत बघा. पीसीके१ वर आणि जीसीके, एसआरईबीएफ१ खाली असतील तर उंदीर उपाशी होते. औषधाने भूक मरत असेल तर हा औषधाचाच परिणाम, पण तुम्ही शोधत होता तो नव्हे. मादीत चालू असणारं एक्सिस्ट आणि वाय गुणसूत्रावरचं डीडीएक्स३वाय तपासा: नर-मादी मिसळले असतील किंवा नळ्या अदलाबदल झाल्या असतील तर लगेच कळेल. एकाच नमुन्यात स्वादुपिंडाची पाचक एन्झाइमं हजारांत दिसली तर कापताना शेजारचा तुकडा सोबत आला.

या शेवटच्या प्रकाराबाबत एक सावधगिरी, जी सहसा कुणी सांगत नाही. असा एकच नमुना उसळला की डीईसेक२ कुक्स अंतर (एका नमुन्याने निकाल किती ओढला याचं माप) पाहून ते जनुक बाद करतं, असं आपण गृहीत धरतो. पण ही राखण डिझाइनच्या ज्या कप्प्यात (उदा. पहिल्या दिवसाचे कंट्रोल) तीन किंवा जास्त नमुने असतील तिथेच चालते. दिवस टाकल्यावर तुमचे कप्पे दोन आणि एक नमुन्याचे झाले, म्हणजे राखण बंद. म्हणून वरच्या तीस-चाळीस जनुकांचे सहा काउंट डोळ्यांनी बघा. १२, ९, १५ विरुद्ध ११, १४, २,९०० असं दिसलं तर ते जनुक हाताने वगळा आणि का वगळलं ते लिहून ठेवा.

काउंट कसे काढले ते तुम्ही सांगितलेलं नाही, म्हणून दोन गोष्टी पडताळा. लायब्ररी स्ट्रँडेड, म्हणजे रीड डीएनएच्या कुठल्या धाग्याचं ते सांगणारी, असेल (डीयूटीपी पद्धतीची बहुतेक असते) तर काउंट मोजणाऱ्या फीचरकाउंट्समध्ये ‘उलट’ हा पर्याय, म्हणजे २, द्यावा लागतो. एका नमुन्यावर ०, १, २ तिन्ही चालवा. १ ने जवळजवळ काहीच जुळलं नाही आणि २ ने भरपूर जुळलं तर उत्तर मिळालं. दुसरं, पेअर्ड-एंड (प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांनी वाचलेला) डेटा असेल तर फीचरकाउंट्सच्या आवृत्ती २.०.२ पासून नुसतं ‘पी’ पुरत नाही, जोड्या मोजायचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. नाहीतर एका तुकड्याचे दोन काउंट होतात आणि मोजणी आहे त्याहून भक्कम असल्याचा आभास होतो.

निकाल काढताना आल्फा (दुरुस्त पी-मूल्याची मर्यादा) ०.०५ असं स्पष्ट द्या. मुळात ते ०.१ असतं आणि कमी काउंटची जनुकं कुठे छाटायची हे त्यावरून ठरतं. काही जनुकांपुढे दुरुस्त पी-मूल्य ‘एनए’ येईल. फक्त दुरुस्त रकाना रिकामा असेल तर सरासरी फार कमी म्हणून जनुक छाटलं गेलं. दोन्ही पी-रकाने रिकामे असतील तर एकतर सगळे काउंट शून्य किंवा कुक्सने बाद. तिथे १ किंवा ० भरू नका. लॉग फोल्ड चेंज (किती पट बदल, लॉग मापात) एपीईजीएलएम या पद्धतीने आकसून घ्या, नाहीतर तीन-चार काउंटची जनुकं ‘३० पट वाढ’ दाखवत माथ्यावर बसतात. आणि दीडपटीहून जास्त बदललेलीच जनुकं हवी असतील तर ती मर्यादा चाचणीतच द्या. आधी शून्याविरुद्ध चाचणी आणि मग दीडपटीची चाळणी, असं केलं की एफडीआरची (यादीतल्या खोट्या जनुकांच्या प्रमाणाची) हमी उरत नाही.

पैसे उरले असतील तर खोल सिक्वेन्सिंगवर घालू नका. वरचा हिशेब आठवा: १०,००० च्या जनुकाला दुप्पट रीडनी काहीही मिळत नाही, उंदीर तेच राहतात. २०१६ मध्ये यीस्टच्या दोन गटांत ४८–४८ पुनरावृत्ती करून ही साधनं तपासली गेली. तीन पुनरावृत्तींत बहुतेक साधनांना पूर्ण संचात सापडलेल्यांपैकी २० ते ४० टक्केच जनुकं सापडली, आणि लेखकांनी निदान सहाची शिफारस केली. तुमच्यासाठी म्हणजे आणखी तीन-तीन उंदीर, त्याच वंशाचे, त्याच वयाचे, तिसऱ्या दिवशी दोन्ही गट समसमान. जुनं आरएनए शाबूत असेल तर बाराही लायब्रऱ्या एकत्र बनवा.

मार्गदर्शकांना ‘~ दिवस + औषध’ वाली यादी द्या, सोबत पीसीए आणि पी-मूल्यांचा हिस्टोग्राम जोडा, आणि टी-चाचणीचा उल्लेखही नको. पाथवे विश्लेषण (यादीत कुठल्या कामाची जनुकं जास्त आहेत ते बघणं) करणार असाल तर पार्श्वभूमी म्हणून उंदराची सगळी जनुकं नकोत, तपासलेली १४,०००च द्या. नाहीतर कुठल्याही औषधाचा परिणाम ‘यकृताचा चयापचय’ असाच येईल, कारण नमुनाच यकृताचा आहे. यादी स्प्रेडशीटमध्ये उघडण्याआधी पहिला रकाना एन्सेम्बल या जनुकांच्या डेटाबेसमधल्या क्रमांकाचा ठेवा आणि तो मजकूर म्हणूनच आयात करा. सेप्ट२, मार्च५ अशा नावांच्या तारखा होतात. मानवी जनुकांची असली नावं २०२० मध्ये बदलली गेली, पण तुमची अ‍ॅनोटेशन फाइल जुनी असेल तर ती अजून तशीच असतील. उंदराच्या डेटात त्यात रायकेन या जपानी संस्थेने दिलेल्या क्रमांकांची भर: २३१०००९ई१३ हे नाव उघडताक्षणी २.३१ गुणिले दहाचा एकोणिसावा घात होऊन बसतं, आणि फाइल एकदा सेव्ह झाली की मूळ नाव परत येत नाही.